औट्रम घाटातला औट्रम

धुळे-चाळीसगावकडच्या मुलांनी कन्नडचा घाट शंभर वेळा तरी चढला असेल. मीही चढलोय. पण त्या घाटाचं खरं नाव औट्रम घाट आहे, हे मला गेटच्या पेपरला जाताना कळलं. फेब्रुवारीतली दुपार होती. अर्ध्या चढावर आमची गाडी गरम झाली आणि ड्रायव्हरने ती बाजूला घेतली. सगळे खाली उतरलो. मला पेपरचं टेन्शन, म्हणून हातात फॉर्म्युल्यांची वही. डोकं वर केलं तर समोर वनविभागाची पाटी. गौताळा औट्रमघाट अभयारण्य. मला आपलं वाटलं, औट्रम म्हणजे एखादं झाड असेल, किंवा डोंगरातला एखादा देव. आपल्याकडे देवांना काय कमी! शेजारच्या सीटवरचे एक बाबा विडी ओढत उभे होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले की तो एक साहेब होता आणि तो वाघ मारायचा. एवढंच. इंजिन थंड झालं, गाडी निघाली. पेपर कसा गेला ते विचारू नका.

पण ते नाव डोक्यातून जाईना. अभयारण्याला वाघ मारणाऱ्याचं नाव? परत आल्यावर लायब्ररीत जुनं गॅझेटियर आणि एक-दोन चरित्रं चाळली आणि लक्षात आलं की हा माणूस आपल्या होस्टेलपासून फार लांबचा नाही. त्याची दहा वर्षं धरणगावात गेली. धरणगाव म्हणजे आपल्या निम्म्या मुलांचा रोजचा रस्ता.

जेम्स औट्रम 29 जानेवारी 1803 रोजी इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात, बटर्ली हॉल या घरात जन्मला. वडील बेंजामिन औट्रम. आणि इथे आपल्या सिव्हिलच्या मुलांनी कान टवकारावेत, कारण हा बेंजामिन त्या काळचा नावाजलेला इंजिनिअर होता. कालवे खणायचे, लोखंड गाळायचं, आणि घोड्यांनी ओढायच्या गाड्यांसाठी इंग्रजी एल अक्षरासारखे लोखंडी रूळ टाकायचे, हा त्याचा धंदा. आगगाडीचं इंजिन यायच्या आधीची गोष्ट आहे ही. त्याने 1790 मध्ये भागीदारीत काढलेला कारखाना पुढे बटर्ली कंपनी म्हणून गाजला. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचं ते प्रचंड कमानदार छप्पर 1868 मध्ये याच कंपनीच्या लोखंडाने उभं राहिलं. ट्राम हा शब्द औट्रमवरून आला अशी एक दंतकथा आहे. ती खोटी आहे, शब्द त्याच्याही आधीचा आहे. पण सांगायला बरी वाटते, म्हणून सांगितली.

हा इंजिनिअर बाप 1805 मध्ये अचानक वारला. जेम्स दोन वर्षांचा. कारखाना होता, पण हातात पैसा नव्हता. आई मार्गारेट पोरांना घेऊन माहेरी स्कॉटलंडला गेली. तिचे वडील जेम्स अँडरसन शेतीवर लिहिणारे विद्वान होते. पोरगं ॲबर्डीनच्या कॉलेजात घातलं, पण त्याला पुस्तकापेक्षा मैदान प्यारं. 1819 मध्ये कंपनी सरकारच्या फौजेत कॅडेट म्हणून जागा मिळाली आणि सोळा वर्षांचा जेम्स मुंबईला उतरला. अंगाने अगदी लहानखुरा. एवढंसं पोरगं फौजेत काय करणार असं लोकांना वाटायचं. मला वाटतं, पुढचं त्याचं सगळं धाडस या एका गोष्टीतून आलं असावं. होस्टेलवरही आपण बघतो की, अंगाने बारकी पोरंच जास्त उड्या मारतात.

1824 मध्ये तो कित्तूरच्या स्वारीत होता. ज्या कित्तूरच्या राणी चन्नम्माने इंग्रजांना हिसका दाखवला, तेच कित्तूर. पुढच्याच वर्षी, 1825 मध्ये, त्याची रवानगी खानदेशात झाली. वय बावीस. म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलाएवढा.

आता तेव्हाचा खानदेश कसा होता हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा आणि अजिंठ्याचे डोंगर, मधून पश्चिमेला वाहणारी तापी. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर या नद्या दोन्ही अंगांनी तिला येऊन मिळतात. जमीन काळी, कापसाची. पाऊस मात्र जेमतेम. धुळ्याकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, जळगावकडे थोडा जास्त. भूगोलाच्या पुस्तकात याला अर्धशुष्क प्रदेश म्हणतात. आपण मे महिन्यात रात्री चादरी ओल्या करून होस्टेलच्या गच्चीवर झोपतो, तेव्हा त्याचा अर्थ पुस्तकाशिवाय कळतो. पारा पंचेचाळीसच्या वर, नद्यांमध्ये फक्त डोह उरलेले, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. झाडं पण तशीच चिवट. बाभूळ, हिवर, खैर, बोर, पळस, मोह, डोंगरउतारावर पांढऱ्या सालीची सालई, आणि यावलच्या जंगलातला अंजन, ज्याच्या लाकडावर कुऱ्हाड उलटी फिरते. अशा माळाचे खरे मालक म्हणजे काळवीट, चिंकारा, लांडगा, तडस, खोकड आणि तितर. पाणी कमी असलं तरी यांचं भागतं. वाघाचं तसं नाही. त्याला पाणी लागतं, दाट सावली लागते आणि मोठं जनावर लागतं.

मग खानदेशात एवढे वाघ आले कुठून? इथेच मला सगळ्यात जास्त नवल वाटलं. मी समजत होतो की जुना काळ म्हणजे घनदाट जंगल, म्हणून वाघ. तसं नव्हतं. खानदेश हा मुळात पिकता मुलूख. सुलतानांच्या आणि मोगलांच्या काळात इथलं कापड सुरतेच्या बंदरातून परदेशी जायचं. पांझरेच्या काठची फडपद्धत, म्हणजे नदीवर छोटे बंधारे घालून पाटाने आळीपाळीने पाणी द्यायची रीत, शेकडो वर्षांची. पण पेशवाईच्या अखेरीला सगळंच कोलमडलं. 1802 मध्ये होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला. पाठोपाठ 1803-04 चा भयंकर दुष्काळ. त्यात पेंढारी. माणसं मेली किंवा देशोधडीला लागली, गावंच्या गावं ओस पडली, कितीतरी बंधारे फुटले ते कोणी बांधले नाहीत. काळ्या जमिनीवर नांगर फिरला नाही की पाच-सात वर्षांत काय होतं ते आपल्याकडे कुठल्याही पडीक प्लॉटवर बघा. आधी गवत, मग बोरी-बाभळी, मग निवडुंगाची जाळी. तिच्या मागून हरणं, रानडुकरं, सुटलेली गुरं. आणि त्यांच्या मागून वाघ. म्हणजे खानदेशातले ते शेकडो वाघ हे समृद्धीचे नव्हते, मोडलेल्या गावांचे होते. नदीकाठच्या घळी आणि पडक्या गढ्या ही त्यांची घरं.

1818 मध्ये इंग्रजांचा अंमल आला आणि कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळ्याला ठाणं केलं. 1822 च्या मे, जून, जुलै या तीन महिन्यांत साठाहून जास्त वाघ मारल्याची नोंद आहे. तरीही त्या वर्षी वाघांनी आणि इतर जनावरांनी पाचशे माणसं आणि वीस हजार गुरं मारल्याचं सरकारी कागद सांगतात. वीस हजार हा आकडा थोडा गोल वाटतो, पण निम्मा धरला तरी अंगावर काटा येतो. आजही गावांची नावं वाचा. वाघोदा, वाघळी, वाघाडी, वाघझिरा. आपल्या जळगाव शहराला ज्या धरणाचं पाणी येतं त्या नदीचं नाव वाघूर. याच नदीच्या वरच्या खोऱ्यात 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला गेला आणि त्याला झाडीत लपलेली अजिंठ्याची लेणी दिसली. अजिंठ्याच्या आसपासच्या माणसांना ती ठाऊक नव्हती थोडीच, पण जगाला त्या दिवशी कळली.

दुसरा प्रश्न भिल्लांचा होता. इंग्रजांच्या लेखी वाघ आणि भिल्ल हे एकाच यादीतले दोन उपद्रव. त्यांच्या कागदांमध्ये ते खरोखरच तसे शेजारी शेजारी येतात, वाचताना राग येतो. भिल्ल हे मूळचे गावोगावचे राखणदार, घाटांचे रखवालदार. त्याबद्दल त्यांना हक्क मिळायचे. गावंच उजाड झाली तेव्हा हक्क कोण देणार? ते डोंगरात गेले आणि लूटमारीवर जगू लागले. पेशवाईच्या शेवटच्या वर्षांत त्यांना तहाला बोलावून कापून काढल्याचे प्रकार झाले होते. नंतर इंग्रजांनी डोंगराची नाकी दाबली, नाईकांना पकडलं, काहींना फाशी दिलं. सात वर्षं झाली तरी काही शांतता येईना. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने ठरवलं की भिल्लांनाच पगारी शिपाई करायचं आणि उरलेल्यांना जमीन, बैल, तगाई देऊन शेतीला लावायचं. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या. जमिनीचं काम मुख्यतः मेजर ओव्हन्सने केलं. भिल्लांची पलटण उभी करायचं काम आलं लेफ्टनंट औट्रमकडे. याआधी असा प्रयत्न फसला होता. कोण येणार होतं भरती व्हायला? गळ्यात दोर पडायचा या भीतीने कोणी फिरकत नसे.

औट्रमने सुरुवात लढाईने केली, ती बागलाणात. मुल्हेरच्या बाजूला एका डोंगरी किल्ल्यावर जमलेल्या बंडखोरांवर तो दोनशे माणसं घेऊन चढला आणि त्यांना उधळलं. मग मात्र त्याने दुसरी वाट धरली. पकडलेल्या काही भिल्लांच्या ओळखीने तो नाईकांपर्यंत पोचला. एकटा, पहारा न घेता, त्यांच्या जंगलात जाऊन राहिला. त्यांच्यासोबत जेवला, झोपला. भरपूर ब्रँडी पाजली, हेही त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, लपवलेलं नाही. त्यांच्याबरोबर शिकारीला गेला. शेवटी पाच जण तयार झाले. फक्त पाच! त्या पाचांवर खानदेश भिल्ल कोअर उभी राहिली.

या भरतीतला एक प्रसंग मला फार आवडतो. नवे भिल्ल रंगरूट मालेगावच्या छावणीत आणले तेव्हा सगळ्यांना धाकधूक होती. औट्रमच्या मूळ पलटणीतले शिपाई उच्च जातीचे, शिस्तीचे. ते या फाटक्या माणसांना हसतील, आणि हे रातोरात पळून जातील. पण त्या शिपायांनी भिल्लांना आपल्या रांगेत बोलावून बसवलं आणि पानसुपारी दिली. 1825 साली, जातीची बंधनं लोखंडासारखी असताना. औट्रमने हा प्रसंग आठवणीने नोंदवला आहे. मला वाटतं पलटण खऱ्या अर्थाने त्या पानाच्या विड्यावर उभी राहिली, ब्रँडीवर नाही. पुढे धरणगावला मुख्य ठाणं झालं, आणि दोन-तीन वर्षांत पाचाचे सहाशे झाले. 1828 मध्ये कलेक्टरने लिहिलं की वीस वर्षांत पहिल्यांदा जिल्ह्याला सहा महिने स्वस्थता मिळाली.

आता वाघ. औट्रमसाठी शिकार हा नुसता शौक नव्हता, ती भरतीची मुलाखत होती. ज्याच्यासोबत वाघाच्या मागावर पायी जाता येतं, त्याच्यावर विश्वास टाकता येतो, हा भिल्लांचा हिशोब त्याने ओळखला. उन्हाळ्यात नद्या आटल्या की डोहाच्या आसपास वाघ सापडायचे, म्हणून एप्रिल-मे हा शिकारीचा मोसम. ज्या उन्हात आपण कँटीनपर्यंत जायला कंटाळतो, त्या उन्हात ही माणसं तापलेल्या वाळूत पावलांचे ठसे काढत फिरायची. त्याचा मुख्य शिकारी खंडू नावाचा होता. एकदा एक वाघ घळीतल्या निवडुंगाच्या जाळीत शिरला. बाहेर येईना, आणि जाळी इतकी दाट की वरून नेम धरता येईना. औट्रमने काय करावं? माणसांनी आपली फेटे-उपरणी एकाला एक बांधली, ती झाडाच्या फांदीवरून टाकली, आणि साहेबाला त्याला बांधून खाली सोडलं. लोंबकळत लोंबकळत त्याने गोळी घातली आणि वाघ मेला. वर आल्यावर तो गमतीने म्हणाला म्हणे की चोरासारखं टांगलंत मला, पण वाघ तर मिळाला. आणखी एकदा तर वाघाने त्याला धरलंच. दोघं उतारावरून गडगडत गेले, आणि त्या गडबडीत त्याने पिस्तूल काढून वाघाला उडवलं. डोक्याला जखमा झाल्या, भिल्ल रडायला लागले. हा उलट त्यांनाच समजावत होता की मांजराने ओरबाडलं तर त्याचं काय एवढं.

मी हे सगळं रात्री रूमवर रंगवून सांगत होतो. माझा रूम पार्टनर सातपुड्याच्या पायथ्याचा, पावरा समाजातला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं की फेटे कोणाचे होते. म्हटलं, भिल्लांचे. वर दोर कोणी धरला होता? भिल्लांनीच. त्यांची नावं लिहिलीत का पुस्तकात? मी पुन्हा पानं उलटली. खंडूचं आहे. दोर धरणाऱ्यांची नाहीत. वाघाला उठवायला जाळीत दगड घेऊन शिरणाऱ्या हाकेवाल्यांचीही नाहीत. मेलेल्या वाघांचा मात्र चोख हिशोब आहे. 1825 ते 1834 या दहा वर्षांत औट्रम आणि त्याच्या शिकारी मंडळींनी 235 वाघ मारले. त्यातले 191 त्याच्या डोळ्यांसमोर. शिवाय 25 अस्वलं, बिबटे वेगळे. कॅल्क्युलेटर काढून बघा, महिन्याला जवळजवळ दोन वाघ, सलग दहा वर्षं.

माझ्या पार्टनरच्या गावाच्या शिवेवर वाघदेव आहे. लाकडावर कोरलेला वाघ, सोबत चंद्र-सूर्य. वर्षातून एकदा त्याची पूजा होते. गुरं राख, माणसं राख, तुझ्या वाटेला आम्ही येत नाही, असं साधारण बोलणं. वाघाची भीती त्यांनाही होतीच, गुरं त्यांचीही मरत होती. पण भीतीतून त्यांनी देव केला आणि साहेबाने यादी केली, असं तो म्हणाला. मी त्याला म्हटलं की पाचशे माणसं मेल्यावर कुठलंही सरकार हेच करणार. त्याचंही त्यावर काही म्हणणं होतं. रात्री दोनपर्यंत वाद चालला, दुसऱ्या दिवशी दोघंही पहिल्या लेक्चरला गैरहजर. पण त्या रात्रीपासून मला हा औट्रम सरळ हिरोही वाटेना आणि सरळ व्हिलनही.

कारण त्याची दुसरी बाजूही आहे. 1830 मध्ये तो हीच भिल्ल पलटण घेऊन डांगच्या जंगलात उतरला आणि तिथल्या भिल्ल राजांना नमवलं. 1831 मध्ये यावल-सावदा भागात दरोड्यांच्या संशयावरून शेकडो माणसं पकडली. म्हणजे भिल्लांचा मित्र हा जसा खरा, तसा भिल्लांच्याच हातून भिल्लांना बांधणाराही खराच. तो गेल्यानंतर पुढे 1857-58 मध्ये याच सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक इंग्रजांविरुद्ध उठले, आणि एप्रिल 1858 मध्ये अंबापाणीची लढाई झाली. त्या धामधुमीत सरकारच्या बाजूने भिल्ल कोअर होती. दोन्हीकडे भिल्लच.

1835 मध्ये औट्रम गुजरातेत महीकांठ्याला गेला. त्याच डिसेंबरात मुंबईला मामेबहिणीशी लग्न केलं. इथून पुढचं त्याचं आयुष्य इतिहासाच्या पुस्तकात मोठ्या अक्षरात आहे, पण मी थोडक्यात सांगतो, कारण आपला विषय खानदेश. अफगाण युद्धात 1839 मध्ये वेष पालटून कलातहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत शत्रूच्या मुलखातून घोडदौड. सिंधमध्ये रेसिडेंट असताना सिंध गिळायला विरोध, त्यावरून चार्ल्स नेपियरशी कायमचं वैर. हा नेपियर आधी त्याचं कौतुक करून थकत नव्हता, औट्रमला हिंदुस्थानचा बेयार्ड ही पदवी त्यानेच दिली. बेयार्ड म्हणजे फ्रान्समधला एक निष्कलंक मानला गेलेला सरदार. सिंधच्या लुटीतला वाटा औट्रमने स्वतःसाठी ठेवला नाही, दान केला. बडोद्याला रेसिडेंट असताना लाचखोरीवर त्याने जो रिपोर्ट पाठवला त्यात आपला मराठी-गुजराती शब्द खटपट जसाच्या तसा इंग्रजीत गेला. त्या रिपोर्टापायी 1851 मध्ये त्याचीच बदली झाली. हे वाचून वाटलं, दोनशे वर्षांत ऑफिसं फार बदललेली नाहीत! पण याच माणसाने 1856 मध्ये लखनौला अवध खालसा करायचं काम हातून होऊ दिलं. 1857 मध्ये लखनौच्या वेढ्यात त्याने वरिष्ठ असूनही हॅवलॉककडे सेनापतीपद राहू दिलं आणि स्वतः त्याच्या हाताखाली साधा स्वयंसेवक म्हणून लढला. 11 मार्च 1863 रोजी फ्रान्समधल्या पो गावी वारला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरला. कोलकात्यात घोड्यावरचा त्याचा मोठा पुतळा आहे, मान वळवून मागे बघणारा.

तो मागे बघतोय तसं आपणही जरा खानदेशाकडे बघू. वाघ फक्त बंदुकीने संपले असं मला वाटत नाही. औट्रमच्या काळात जमीन परत लागवडीखाली यायला लागली. ओव्हन्सने वसवलेल्या भिल्लांनीच ती बरीचशी फोडली. 1860 च्या दशकात भुसावळपर्यंत रेल्वे आली. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मग काय, नदीकाठची जाळी गेली, घळींच्या तोंडापर्यंत शेतं गेली. स्लीपर आणि सरपणासाठी झाडं गेली. बापाने रूळ टाकायची विद्या पुढे नेली, पोराने वाघ मारले, आणि शेवटी रुळांनी बंदुकीपेक्षा जास्त काम केलं. हा माझा आपला तर्क, मेकॅनिकलच्या मुलाचा. इतिहासाच्या सरांनी हवा तर खोडावा.

आणि तरी सगळं संपलेलं नाही, हे मला हा लेख लिहिताना कळलं. सातपुड्यात यावल अभयारण्य 1969 पासून आहे, धुळ्याकडे अनेर धरणाचं अभयारण्य आहे. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा सापडला. हे छोटं घुबड जगातून नाहीसं झालं असं शंभरेक वर्षं लोक धरून चालले होते, आणि ते आपल्या सातपुड्यात दिवसाढवळ्या फांदीवर बसलेलं होतं. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा-वढोद्याच्या जंगलात, पूर्णेच्या काठी वाघ आहेत. तिथल्या केळीच्या बागांत ते दुपारी सावलीला बसतात. विचार केला तर सोपं आहे. पाणी, दाट सावली आणि रानडुक्कर. औट्रमच्या काळी जे निवडुंगाच्या जाळीत मिळायचं ते आता ठिबकवरच्या केळीत मिळतं. 2014 मध्ये त्या भागाला मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. केळीवाल्या शेतकऱ्याला रात्री मोटार चालू करायला जाताना काय वाटत असेल, ते त्यालाच विचारायला हवं. आपल्या वर्गात त्या भागातली दोन मुलं आहेत. सुट्टीत घरी गेली की ती रात्री शेतात एकटी जात नाहीत.

आणि गौताळा औट्रमघाट अभयारण्य? ते 1986 मध्ये जाहीर झालं. 261 चौरस किलोमीटर, चाळीसगाव-कन्नडच्या डोंगरात, थोडं खाली आपल्या जिल्ह्यात, बरंचसं वर घाटमाथ्यावर. तिथे बिबटे आहेत, अस्वलं आहेत, पण वाघ कित्येक दशकं नव्हता. मार्च 2021 मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात एक नर वाघ आला. पट्ट्यांवरून ओळख पटवली तेव्हा कळलं की तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा. तीनशेहून जास्त किलोमीटर, शेतं, हायवे, रेल्वेलाइन ओलांडत तो विदर्भातून आला होता.

मी हे पार्टनरला सांगितलं. तो पंख्याखाली पडून होता, उठून बसला. वाघाला नाव दिलंय का म्हणून विचारलं. म्हटलं, वनखात्याने नंबर दिलाय. त्याला ते पटलं नाही. सुट्टीत घरी गेला की आजीला सांगणार आहे म्हणाला. आणि पुढच्या वेळी धुळ्याहून तिकडे जाताना त्यालाही सोबत न्यायचं ठरलंय. गाडी गरम होवो न होवो, त्या पाटीपाशी उतरायचं.